घोडीचा हिशेब

आमच्या तबेल्यात येणारा प्रत्येक पाहुणा आधी घोडा पाहतो. नागपूरचा काटोल रोड सोडून आत वळलं की कुंपणाला लागून पहिलं ठाण त्याचंच आहे, आणि पाहुण्यांची वेळ आधीच कळवल्यागत तो उभा असतो. मान उंच, नाकपुड्या फुललेल्या, दोन्ही कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. कानांची ती कमान म्हणजे मारवाडी जातीची खूण. लोक मोबाइल काढतात. "चावतो का?" हा पहिला प्रश्न, "केवढ्याचा?" हा दुसरा. मागच्या ठाणांवर शेपटीनं माश्या हाकलत उभ्या असलेल्या माद्यांपर्यंत फार थोडे पोहोचतात. पोहोचलेच तर "ह्या साध्या आहेत का?" असं विचारून परत फिरतात.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही घोडाच पाहिला होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तेव्हा म्हणाले होते, "पोरी, लोकं घोडा पाहाले येतात. घर घोडीवर चालते." मी बी.कॉम. झालेली, माहेरी इतवारीत दुकान, त्यामुळे हिशेबाची वही लवकरच माझ्या हातात आली. मामाजींचं ते वाक्य मला खरं समजलं ते त्या वहीतून.

गणित साधं आहे. चांगला नर नसला तरी चालतो, कारण दुसऱ्याचा नर फी देऊन लावता येतो. चांगली घोडी मात्र कुणी भाड्यानं देत नाही. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे, साधारण 340 दिवस, दहाबारा इकडे-तिकडे. दर वर्षी शिंगरू हवं असेल तर व्याल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. व्याल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात घोडी माजावर येते खरी, पण त्या पहिल्या माजावर लावलेली प्रत्येक घोडी गाभण ठरतेच असं नाही. कधी पोटात घाण उरलेली असते, कधी अंगात ताकद नसते. म्हणून दर वर्षी एक शिंगरू हा हिशेब कागदावरच शोभतो. तीन वर्षांत दोन मिळाली तरी मामाजी देवापुढे नारळ फोडतात. नर वर्षभर खातो, त्याला वेगळं ठाण लागतं, वेगळा तगडा माणूस लागतो, आणि वरातीत तो नेता येत नाही. बाहेरच्या माद्यांची फी येते तेवढीच त्याची कमाई. माझ्या वहीत तो बहुतेक वर्षी खर्चाच्या बाजूलाच असतो. मामाजींना हे ठाऊक आहे. "तो माहा शौक आहे," म्हणतात, आणि विषय संपतो.

अरबस्तानातले बदाऊन, म्हणजे वाळवंटातले भटके लोक, घोड्याचं कुळ आईकडून सांगत. घोडी कुठल्या घराण्यातली यावर शिंगराची ओळख ठरे. लढाईलाही ते घोडीच पसंत करीत. आपल्याकडे मात्र पुतळा असो, फोटो असो की फ्लेक्स, घोडा नरच हवा, आणि तोही पुढचे पाय उचललेला.

आमचं घराणं काही पिढीजात अश्वपालकांचं नाही. मामाजींचे वडील टांगा हाकत. नागपूर स्टेशनाबाहेर, सीताबर्डीत, महालात टांग्यांच्या रांगा असायच्या त्या काळातली ही गोष्ट. घोडा विकत घ्यायचा, तो थकेपर्यंत जुंपायचा, थकला की दुसरा घ्यायचा, असा तो धंदा. पैदास हा शब्दही त्यात नव्हता. ऑटोरिक्षा आल्या, सवाऱ्या गेल्या, टांगा गेला आणि घोडा वरातीत आला. वरातीतून चार पैसे सुटले तेव्हा मामाजींनी पहिली चांगली मारवाडी घोडी घेतली. आमच्या घरात पैदाशीला सुरुवात झाली ती तिथून.

पण घोड्याशी नागपूरचं नातं टांग्याहून जुनं. 1741 पासून दहा वर्षं रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालपर्यंत धडका मारत होत्या, त्या घोड्यांच्या पाठीवर. त्या फौजांमध्ये दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. घोडा पडला तर बारगिराला दुसरा मिळायचा. शिलेदाराचं मात्र भांडवलच जायचं. आज घोडा पाळणारा प्रत्येक जण शिलेदार आहे असं मला वही लिहिताना वाटतं. विमा काढला तरी.

आणि असे शिलेदार कमी होत चाललेत. 2019 च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून 3.4 लाख निघाली. 2012 च्या मानानं ही घट 45 टक्क्यांहून जास्त. टांगे गेले, वीटभट्ट्यांवर ट्रॅक्टर आले, डोंगरात रस्ते झाले. उरलेला घोडा हौसेचा आणि समारंभाचा. आमच्यासारख्यांचा धंदा त्या उरलेल्यावर.

आता खरी अडचण सांगते. ती वहीत बसत नाही, पंचांगात बसते.

नागपूरचा मे तुम्हाला ठाऊक आहे. पारा 45 च्या वर गेला की माणसं दुपारी दारं लावून घेतात. अशा दिवसांत जन्मलेलं शिंगरू दोन घोट दूध कमी प्यालं तरी संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल जातात. म्हणून घोडी मे महिन्यात व्यायला नको, म्हणजे तिला जूनमध्ये लावायची नाही. एप्रिलही नको, म्हणजे मे बाद. उरतो फेब्रुवारी ते एप्रिलचा पहिला पंधरवडा. दिवस मोठा होऊ लागला की घोडीचा माज नियमित होतो, त्यामुळे निसर्गालाही तोच काळ मान्य. माजाचं चक्र 21 दिवसांचं, त्यातले पाच-सात दिवस ती नराला उभी राहते. म्हणजे एका हंगामात तीन संधी, फार तर चार. काही लोक डिसेंबरपासून तबेल्यात दिवे लावून घोडीला सोळा तासांचा दिवस दाखवतात, म्हणजे ती लवकर माजावर येते. आम्हीही एका ठाणावर ट्यूबलाइट लावली आहे. बाकीच्या माद्या सूर्याच्या भरवशावर.

आणि हाच काळ लग्नांचा.

तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतात आणि आषाढापर्यंत, मधले काही दिवस सोडले तर, थांबत नाहीत. गाभण घोडीचे पहिले दोन महिने जपायचे, शेवटचे तीन-चार महिने जपायचे. मधल्या महिन्यांत तिच्याकडून हलकं काम घेता येतं, पण ते मधले महिने पडतात बरोबर चातुर्मासात, जेव्हा एकही मुहूर्त नसतो. मग जानेवारी-फेब्रुवारीत ती व्याली की अंगावरचं शिंगरू सोडून ती डीजेपुढे कशी उभी राहणार? म्हणजे जी घोडी पैदाशीला लावली तिच्या वरातीचं उत्पन्न जवळपास दोन हंगाम बुडालं असं धरायचं.

यातला पेच असा की वरातीत जी घोडी सगळ्यात चांगली, तिचंच शिंगरू हवं असतं. फटाक्यांच्या माळेत, ढोलताशात, पाठीवर घाबरलेला नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात बसवलेला रडका पोरगा असताना जी कान न हलवता उभी राहते, तो स्वभाव पैशानं मिळत नाही. काही अंशी तो रक्तातून उतरतो, आणि बराचसा शिंगरू आईकडे पाहून शिकतं. आमच्याकडे पहिले काही दिवस शिंगराला कुणी उगाच कुरवाळत नाही. आईला खरारा करायचा, तिच्याशी बोलायचं, तिच्या मानेवरून हात फिरवायचा. शिंगरू आईच्या पोटाआडून पाहत असतं. आई शांत उभी आहे म्हणजे हे दोन पायांचं जनावर निरुपद्रवी, असं त्याचं ते ठरवतं आणि मग आपण होऊन हुंगायला येतं. नवरा म्हणतो, वरातीचे पैसे रोख आहेत, शिंगराचे उधार. बरोबर आहे त्याचं. फेब्रुवारीत लावलेल्या घोडीचं शिंगरू पुढच्या जानेवारीत येणार, सहा महिन्यांनी दूध तुटणार, तिसरं वर्ष सरल्याशिवाय पाठीवर खोगीर चढवायचं नाही. आज टाकलेला रुपया चार वर्षांनी दिसणार. एवढी वाट कुठली बँक पाहते?

म्हणून दर फाल्गुनात घरात वाद होतो. कोणती वरातीला, कोणती नराला. मामाजी गप्प बसून ऐकतात आणि शेवटी एका घोडीकडे बोट दाखवतात.

फळवण्याचा सोहळा मी लिहीत नाही. तो वाटतो त्याहून यांत्रिक असतो. शेपटीला पट्टी, मागच्या पायांना दोर, दोन माणसं, पाच मिनिटं. त्यापुढची तपासणी जास्त महत्त्वाची. पंधरा-सोळा दिवसांनी सोनोग्राफी करायची, आणि ती नुसती घोडी ठरली का हे पाहायला नव्हे, जुळं आहे का हे पाहायला. शेळीला जुळं झालं की लोक पेढे वाटतात; घोडीला जुळं म्हणजे धोका. तिच्या गर्भाशयात दोघांना पुरेल एवढी जागा नसते. बहुधा दोन्ही जातात, कधी घोडीही. म्हणून त्याच आठवड्यात दोनातला एक गर्भाचा बुडबुडा डॉक्टर हातानं दाबून संपवतात. सेमिनरी हिल्सवर 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घोड्यांत हात असलेले डॉक्टर शहरात भेटतात, हे आमचं नशीब. दूरच्या तालुक्यात घोडी पाळणाऱ्याला हे सुख नाही.

मग अकरा महिने. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार, ज्वारीचा कडबा, लसूणघास, भिजवलेला हरभरा, कोंडा, खनिज मिश्रण. ज्याला हरळी मिळते त्यानं दुसरं काही शोधू नये. शेवटच्या तीन महिन्यांत खुराक हळूहळू वाढवायचा, कारण शिंगरू तेव्हाच भरतं. घोड्याला ओकता येत नाही. पोट अंगाच्या मानानं लहान, आतडं लांबलचक. खाण्यात अचानक बदल केला, पाणी कमी पडलं, की पोटशूळ. रात्री घोडी खाली बसून पोटाकडे मान वळवून पाहू लागली की सईस दार ठोकतो. "वहिनी, पोट दुखून राहिलं तिचं." मग ती लोळू नये म्हणून डॉक्टर येईपर्यंत चालवत राहायचं.

विण्याची रात्र हा माझा भाग आहे. म्हणजे हात नवऱ्याचे आणि सईसाचे, वही माझी.

दोन-तीन आठवडे आधी कास भरते. मग सडांच्या टोकांवर चिकाचे पिवळसर थेंब मेणागत वाळून बसतात. ते दिसले की एक-दोन दिवसांचं काम, असं म्हणतात. पण घोडीनं ही पोथी वाचलेली नसते. शेपटीच्या मुळाशी अंग ढिलं पडतं. ती चारा सोडते, ठाणात फिरू लागते, काखेत आणि बरगड्यांवर घाम येतो, जानेवारीच्या थंडीतसुद्धा. आणि माणसं समोर असली की थांबते. हे खरं आहे, घोडी बऱ्याच अंशी वेळ धरून ठेवू शकते. बहुतेक घोड्या रात्री वितात, आणि बहुतेक वेळा पाळतीवरचा माणूस चहा करायला गेला असताना. त्यामुळे आम्ही दूर बसतो, दिवा मंद ठेवतो, बोलत नाही.

पाणी फुटलं की मी घड्याळ पाहते आणि वेळ लिहिते. इथून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. गाईसारखी तासन्‌तास सवड इथे नसते. आधी पांढरट पातळ पडदा, त्यात एक खूर, थोडं मागे दुसरं खूर, त्यावर नाक. पोहायला उडी मारणाऱ्याची मुद्रा असते ती. हा क्रम दिसला की हात मागे बांधून उभं राहायचं. पांढऱ्या पडद्याऐवजी लाल, मखमली काहीतरी आधी दिसलं तर मात्र क्षणाचाही विचार न करता ते फाडून शिंगरू काढायचं, कारण जार, म्हणजे वार, आधीच सुटली आहे आणि आत प्राणवायू पोहोचत नाही. त्यासाठी कात्री कायम खिळ्याला टांगलेली असते.

शिंगरू पडलं की सगळ्यांना नाळ कापण्याची घाई होते. कापायची नाही. घोडी उठते किंवा शिंगरू धडपडतं तेव्हा ती आपोआप तुटते. तोवर जारेतलं रक्त बाळात उतरत असतं. मग बेंबीला औषध. नव्या शिंगराच्या खुरांच्या तळाला मऊ, पिवळ्या झालरी असतात, आईच्या पोटाला आतून इजा होऊ नये म्हणून. उभं राहून चार पावलं चाललं की त्या झडू लागतात. सगळ्या धांदलीत मी त्या मुद्दाम पाहून घेते, कारण तासाभरानं त्या तशा राहत नाहीत.

त्यानंतर वहीत तीन वेळा लिहायच्या असतात. एका तासात उभं राहिलं का. दोन तासांत दूध प्यालं का. तीन तासांत जार पडली का. सगळं शास्त्र या तीन ओळींत आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडी प्रतिकारशक्ती मिळालेली असते. शिंगराला काहीच नाही. ती फक्त चिकातून मिळते, आणि चीक पचवून रक्तात घेण्याची आतड्याची ताकद दिवसभरात संपते. पहिल्या सहा-आठ तासांत पोटभर चीक गेला नाही तर शिंगरू दोन दिवस छान बागडतं आणि तिसऱ्या दिवशी सांधे सुजून बसतं. पहिलारू घोडीला गुदगुल्या होतात, ती कासेला तोंड लावू देत नाही. मग नवरा तिच्या मानेशी, सईस तिच्या मांडीशी, आणि शिंगरू आईच्या पुढच्या पायात दूध शोधत असतं, भिंतीत शोधतं, माझ्या ओढणीत शोधतं.

जार पडली की मामाजींची पाळी. ते ती दिव्याखाली पोत्यावर पसरतात आणि बोटानं कडा चाचपत जातात. कुठे तुकडा कमी आहे का. आत राहिलेला तळहाताएवढा तुकडा घोडीच्या अंगात विष करतो, आणि ते विष जाऊन खुरांत बसतं. त्यातून कायमची लंगडी होणारी घोडी म्हणजे घरातलं भांडवल गेलं. नव्या शिंगराचे फोटो सगळे काढतात. जार पाहणाऱ्या मामाजींचा फोटो अजून कुणी काढलेला नाही.

इतकं सगळं करून जे शिंगरू उभं राहतं, त्याच्यात बाजार काय पाहतो? कान. मग रंग. मग भोवरे. पायांचा नंबर चौथा.

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नागपूरहून महाराष्ट्राचं पार दुसरं टोक. नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्राही घोड्यांसाठी नावाजलेली. तिथे पाहणारे येतात, कान बोटांनी जुळवून बघतात, गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ भोवरा, आहे का चाचपतात, डोळ्याखाली आसूढाळ, म्हणजे अशुभ भोवरा, दिसला की चार पावलं मागे सरतात. केस जिथे गोल वळतात, तेच भोवरे. त्या वळणापायी चांगल्या हाडापेराची वछेरी, म्हणजे तरणी मादी, निम्म्या किमतीत जाताना मी पाहिली आहे. श्रद्धेला मी हसत नाही. आमच्या देवघरातही घोड्याची नाल आहे. पण नडग्या सरळ आहेत का, खूर रुंद आहे का, चालताना मागचा पाय पुढच्या पावलावर पडतो का, हे न पाहता नुसता भोवरा पाहणाऱ्याला घोडा कळत नाही, असं माझं मत आहे, आणि ते मी गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवते. नवऱ्याला ते आवडत नाही.

रंगाचंही तसंच. वरातीला पांढरी हवी. जन्मजात पांढरा, गुलाबी कातडीचा नुकरा दिसायला देखणा, पण नागपूरच्या उन्हात त्याचं नाक भाजतं, डोळे पाणावतात. दुसरा पांढरा म्हणजे सब्जा. तो जन्मतो काळपट किंवा तांबूस आणि वर्षागणिक उजळत सात-आठ वर्षांनी पांढरा होतो. कातडी काळीच राहते, त्यामुळे ऊन सोसतं. डोळ्यांभोवती पांढरे केस दिसले की ओळखायचं, हे शिंगरू पुढे पांढरं होणार. असं एक शिंगरू पाहून एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, काळं नको, आम्हाले वरातीले पाहिजे." मी सांगून पाहिलं. ते गेले आणि दुसरीकडून नुकरा घेऊन आले. ती काळपट वछेरी आमच्याकडेच राहिली; आता ती राखी झाली आहे आणि मी तिची किंमत सांगत नाही.

सगळ्यात राग येतो तो दोन वर्षांच्या वछेऱ्याला नाचायला शिकवणाऱ्यांचा. गुडघ्याच्या वरचं हाड दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत असतं, पाठीचे मणके त्याहून उशिरा पक्के होतात. त्याआधी मागच्या पायांवर तोललेला घोडा मिरवणुकीत टाळ्या घेतो आणि आठव्या वर्षी लंगडतो. आम्ही तीन वर्षांच्या आत खोगीर चढवत नाही. गिऱ्हाईक त्यामुळे जातं हेही खरं.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही, तो फक्त सोसायचा असतो. काळी माती खुरात भरते, खूर मऊ पडतं, तळव्यातून वास येतो. नालबंद चाचा दर सहा-सात आठवड्यांनी येतात, पण आषाढात मध्येच बोलवावं लागतं. गोमाशा वाढल्या की सर्रा या रोगाची भीती. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज, घोडी आतून वाळत जाते. वेळेवर रक्त तपासलं तर औषध आहे. ग्लँडर्सला ते नाही. तो माणसालाही होतो, आणि 2009 च्या कायद्याप्रमाणे बाधित जनावर मारावंच लागतं, नुकसानभरपाई मिळाली तरी. आमचे नमुने अजून स्वच्छ आले आहेत. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मग चालतं कशावर? वरात, शिवजयंतीची मिरवणूक, रामनवमीची शोभायात्रा, सकाळी घोडेस्वारी शिकायला येणारी मुलं. आणि लीद. काटोल-कळमेश्वरकडचे संत्रावाले ट्रॉली घेऊन येतात. ताजी लीद गरम असते, ती कुजवूनच झाडाला द्यायची, म्हणून मागे मोठा खड्डा आहे. लिदीचं उत्पन्न नराच्या फीपेक्षा जास्त झालं त्या वर्षी मी तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवला होता. मामाजी हसले नाहीत.

2024 च्या फेब्रुवारीत केंद्रानं राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट घेतले. उद्योगासाठी भांडवली खर्चाच्या 50 टक्के, 50 लाखांपर्यंत अनुदान. फॉर्म मी डाऊनलोड करून ठेवला आहे. नवऱ्याला त्यातून नवा नर दिसतो, मला माद्या आणि कुंपण दिसतं. बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात 2023 मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मलं, राज-प्रथमा. चांगल्या घोडीचा भ्रूण काढून दुसऱ्या साध्या घोडीच्या पोटात वाढवायचा. हे वाचलं तेव्हा मी पहिला विचार केला तो असा की म्हणजे चांगल्या घोडीची वरात बुडणार नाही. आमच्या फाल्गुनातल्या भांडणाला पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर शोधलं आहे. ते नागपूरच्या एका तबेल्याला परवडेपर्यंत किती फाल्गुन जातील ते जावोत.

एक रकाना मात्र माझ्या वहीत अजून कोरा आहे. घोडा पंचवीस वर्षं जगतो, कधी तीस. विशीच्या आसपास बहुतेक माद्या ठरेनाशा होतात. वरातीला दिवसभर उभं राहवत नाही. पुढची पाच-दहा वर्षं ती नुसती खाते. असल्या माद्या कुठे जातात हे बाजारात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी विचारत नाही. मामाजींनी घेतलेली ती पहिली घोडी आमच्याकडे अजून आहे. दात झिजलेले, म्हणून कुटार भिजवून द्यावं लागतं, पाठ खोल गेलेली. तिच्या नावापुढे जमा काही नाही. नवऱ्यानं यंदा विषय काढला, रागानं नाही, नुसता आकडा समोर ठेवला. आकडा मीच काढलेला होता.

मामाजी म्हणाले, "पोट्टे तोडाचे हायेत ना आषाढात?"

दूध तोडायचा आठवडा म्हणजे तबेल्यात गोंधळ. आया खिंकाळतात, शिंगरं भिंतीला धडका मारतात, पाय मोडून घेतात. म्हातारी सोबत असली की ती शिंगरं तिच्या मागे लागतात, ती चरते तिथे चरतात, ती उभी राहिली की उभी राहतात. अति केलं तर ती कान पाडून एकदाच दटावते. हे काम तिच्याइतकं कुणालाच येत नाही. आणि एका शिंगराचा मोडलेला पाय तिच्या कित्येक महिन्यांच्या कुटारापेक्षा महाग पडतो, हा हिशेब मी नवऱ्याला मांडून दाखवला. यंदाच्या दोन्ही शिंगरांसाठी मागचं पत्र्याचं ठाण रिकामं करायला घेतलं आहे. म्हातारीला आधी तिथे हलवायची, मग ती दोघं.